रिलोडिंगसाठी पहिली पावडर घेताना: अष्टपैलू म्हणजे नेमकी कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे ९ मिमीचं पिस्तूल, .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर आणि .३०८ विंचेस्टरची रायफल आहे. तिन्हींच्या रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरण्यासाठी (हेच रिलोडिंग) जमवून ठेवल्या आहेत, त्यासाठीचं यंत्र (प्रेस) आणि त्याचे साचे (डाय) घरी आले आहेत. आता पावडर घ्यायची आहे. सगळीकडे चालेल अशी एकच पावडर मिळेल का, आणि नसेल तर कमीत कमी किती डबे घ्यावे लागतील?

एक पावडर तिन्हींना पुरणार नाही. दोन घ्याव्या लागतील: एक दोन्ही हँडगनसाठी आणि एक रायफलसाठी. एवढ्यावर तुमचं काम वर्षानुवर्षं चालेल. पण त्या दोन कोणत्या हे ठरवताना बहुतेक नवी मंडळी चुकीच्या कसोटीवर निवड करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नव्या माणसासाठी अष्टपैलू पावडर ती नव्हे, जी सर्वाधिक कॅलिबरमध्ये बसते. अष्टपैलू ती, जी तुमच्या कॅलिबरमध्ये बसतेच, शिवाय हात चुकला तर तो चुकलेला डोळ्यांना दाखवते. पहिल्या वर्षात हा दुसरा गुण पहिल्यापेक्षा मोलाचा आहे.

आणखी एक, सुरुवातीलाच. घरी काडतुसं भरायला आणि पावडर साठवायला तुमच्याकडचा कायदा परवानगी देतो का, देत असेल तर किती साठ्यापर्यंत आणि कशा पेटीत, हे पावडर विकत घेण्याआधी लेखी वाचून घ्या. हे देशागणिक बदलतं, काही ठिकाणी राज्यागणिकही. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आता एकच पावडर का चालत नाही ते बघू. बिनधुराची पावडर, जी फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी १८८४ मध्ये पहिल्यांदा सैन्याच्या उपयोगाची करून दाखवली, ती आजही मुळात नायट्रोसेल्युलोजच आहे. नुसतं नायट्रोसेल्युलोज असेल तर ती सिंगल बेस, त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळलेलं असेल तर डबल बेस. ही पावडर उघड्यावर पेटवली तर भुरभुर जळून जाते, पण बंद जागेत दाब वाढला की तिचा जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की वायू जास्त, वायू जास्त की दाब आणखी वाढतो. हे चक्र कुठे थांबायचं ते तीन गोष्टी ठरवतात: पुंगळीत जागा किती आहे, गोळी किती जड आहे, आणि नळीचा व्यास किती आहे. पिस्तुलाची गोळी हलकी, नळी रुंद आणि आखूड. गोळी लगेच पुढे सरकते आणि मागे जागा मोकळी होत जाते. तिथे पटकन जळणारी पावडर हवी, नाहीतर निम्मी पावडर नळीच्या तोंडाबाहेर जळेल. .३०८ मध्ये याच्या उलट: पुंगळी मोठी, मान अरुंद, गोळी लांब आणि जड. तिथे पिस्तुलाची पावडर भरून ठेवली तर दाब गोळी हलायच्या आत आकाशाला भिडतो आणि बंदूक फुटते. त्यामुळे "थोडी कमी घालून बघू" हा मार्ग छापील डेटाशिवाय नाहीच.

उत्पादकांनी हे सोपं जावं म्हणून बर्न रेटचे, म्हणजे जळण्याच्या वेगाचे, तक्ते काढले आहेत, सर्वांत जलद पावडर वर, सर्वांत मंद खाली. तक्ता वाचायला शिका, पण त्याचा उपयोग फक्त शेजारीपाजारी कोण आहे एवढं कळण्यासाठी करा. तक्त्यात दोन पावडर लागोपाठ आल्या म्हणजे एकीचं माप दुसरीला चालतं, असं अजिबात नाही. एका कंपनीच्या तक्त्यातला क्रम दुसऱ्या कंपनीच्या तक्त्यात उलटाही सापडतो, कारण दाब आणि पुंगळी बदलली की पावडरींचं आपसातलं वागणं बदलतं. माप घ्यायचं ते फक्त पावडर किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीने छापलेल्या, त्याच पावडरच्या, त्याच वजनाच्या आणि त्याच प्रकारच्या गोळीच्या डेटावरून. म्हणूनच मी या उत्तरात एकही लोड (कोणत्या गोळीला किती पावडर) देणार नाही. इंटरनेटवर अनोळखी माणसाने लिहिलेला लोड भरू नये, आणि त्यात मीही आलो.

तक्त्यातून एक शहाणपण मात्र निश्चित घ्यावं. दोन्ही टोकं सोडा, मधली जागा धरा. हँडगनच्या गटात अगदी जलद पावडर थोड्या मापात पुष्कळ काम करतात, म्हणून काटकसरी वाटतात. पण त्यांच्यात सुरुवातीचं माप आणि कमाल माप यांतलं अंतर अगदी थोडं असतं, कधीकधी अर्धा ग्रेन. ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग, सुमारे ०.०६५ ग्रॅम. अर्धा ग्रेन म्हणजे चिमटीतही नीट न येणारं वजन. मंद टोकाच्या पावडरींची कथा वेगळी. मॅग्नम (जास्त दाबाच्या काडतुसांच्या) रिव्हॉल्व्हरसाठी प्रसिद्ध असलेली एच ११० (विंचेस्टर २९६ हीच, फक्त डब्यावरचं नाव वेगळं) पूर्ण दाबाला अप्रतिम चालते, पण ती खाली आणता येत नाही. एरवी कमाल मापापासून दहा टक्के खाली येऊन सुरुवात करा असा रिवाज आहे. हॉजडन कंपनी या पावडरसाठी स्पष्ट सांगते की तीन टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका. खूप कमी केली तर ती नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकून राहू शकते. तुमच्याकडे मॅग्नम नाही, त्यामुळे हा डबा कोणी कितीही कौतुकाने दाखवला तरी घेऊ नका.

आता हँडगनची पावडर.

तुमची दोन काडतुसं दिसायला शेजारी, पण स्वभावाने फार वेगळी आहेत, आणि निवड त्यावरच होते. .३८ स्पेशल १८९८ च्या सुमाराचं, काळ्या बारुदीच्या जमान्यात आखलेलं. काळी बारूद जागा फार खाते, म्हणून पुंगळी मोठी ठेवली होती. आज त्यात बिनधुराची पावडर पडते तेव्हा ती तळाशी पातळ थरासारखी दिसते आणि वर सगळी पोकळी. दाबाची मर्यादाही कमी, अमेरिकेच्या सामी या मानक संस्थेनुसार १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड). ९ मिमीची पुंगळी त्याच्या निम्म्यापेक्षा थोडी मोठी, आणि दाबाची मर्यादा दुपटीहून जास्त, ३५,००० पीएसआय. म्हणजे एकात जागा खूप आणि दाब कमी, दुसऱ्यात जागा कमी आणि दाब जास्त. दोन्हींना पुरून उरेल अशी पावडर मधल्या वेगाची, मापून घ्यायला सोपी आणि फार दाट नसलेली असावी.

या तिन्ही अटी नीट पाळणारी, माझ्या मते पहिल्या डब्यासाठी सर्वांत योग्य पावडर म्हणजे विंचेस्टर २३१ किंवा हॉजडनची एचपी-३८. या दोन्ही एकच आहेत, डेटाही तोच. दुकानात जी असेल ती घ्या. ही चपटवलेल्या गोल कणांची पावडर आहे, मेझरमधून (हँडल फिरवलं की ठरलेलं माप पाडणारं यंत्र) पाण्यासारखी वाहते. हँडल एकाच लयीत वर-खाली केलं की माप जवळजवळ दशांश ग्रेनपर्यंत तेच तेच येतं. .३८ स्पेशल, ९ मिमी, पुढे कधी .४५ एसीपी घेतलं तर तेही, सगळ्यांचा भरपूर छापील डेटा आहे. फिनलंडच्या विहताव्हुओरीची एन ३२० ही त्याच कामाची, फारच स्वच्छ जळणारी पावडर. तुमच्याकडे ती सहज मिळत असेल तर तिच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही.

अष्टपैलू म्हटलं की जुने लोक हमखास युनिकचं नाव घेतील. एका अर्थी ते बरोबर आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर आलेली ही पावडर हलक्या शॉटगन काडतुसांपासून बहुतेक सगळ्या हँडगनपर्यंत आणि रायफलमधल्या शिशाच्या हलक्या लोडपर्यंत कुठेही चालते. शिवाय ती फुगीर आहे, पुंगळीत जागा भरते, आणि हा मोठा गुण आहे. पण ती मोठ्या चपट्या पाकळ्यांची आहे आणि छोट्या मापात मेझरमधून असमान पडते. एकदा थोडी जास्त, एकदा थोडी कमी. .४४ सारख्या मोठ्या मापात हा फरक जाणवत नाही, ९ मिमीच्या छोट्या मापात जाणवतो. तुम्ही प्रत्येक माप तराजूवर तोलणार असाल तर युनिक खुशाल घ्या. मेझरच्या भरवशावर शेकडो भरणार असाल तर २३१ बरी.

आता ज्या पावडरविषयी तुम्हाला सर्वांत जास्त शिफारशी ऐकायला मिळतील ती टाइटग्रुप. स्वस्त पडते, थोडी लागते, मोठ्या पुंगळीत पावडर पुढे पडली आहे की मागे याने तिला फारसा फरक पडत नाही. हे सगळं खरं आहे. तरीही पहिल्या डब्यासाठी मी तिला नकार देतो, आणि कारण एकच: ती दाट आहे. ९ मिमीच्या पुंगळीत तिचं माप चुकून दोनदा पडलं तरी पावडर बाहेर सांडत नाही, वरून पाहिलं तर जरा जास्त वाटते इतकंच. त्यावर गोळी बसते, क्रिंप होते (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळलं जातं), काडतूस डब्यात इतरांसारखंच दिसतं. २३१ चं नेहमीचं माप ९ मिमीत दोनदा पडलं तर पावडर पुंगळीच्या काठापर्यंत येते. गोळी बसवायला जागाच उरत नाही, तुम्ही आपोआप थांबता. हात चुकलेला डोळ्यांना दाखवते म्हणजे काय, ते हे.

.३८ स्पेशलमध्ये मात्र हा आधार नाही. तिथे २३१ सुद्धा दुप्पट पडून वर जागा शिल्लक राहते. म्हणून तिथे कामाची पद्धतच रक्षण करते. पन्नास छिद्रांचा लाकडी किंवा प्लास्टिकचा ब्लॉक घ्या. प्रायमर (ठोका बसताच पावडर पेटवणारी तळाची टोपी) बसवलेल्या पुंगळ्या त्यात उलट्या ठेवा, तोंड खाली. एक उचला, माप भरा, सुलट करून दुसऱ्या ब्लॉकमध्ये ठेवा. उलटी म्हणजे रिकामी, सुलटी म्हणजे भरलेली. मधली अवस्था नाही. पन्नास झाल्या की टॉर्च किंचित तिरकी धरून एकेका ओळीवरून फिरवा. पावडरची पातळी प्रत्येक पुंगळीत एकाच खोलीवर दिसली पाहिजे. एखादी खोल दिसली, एखादी उंच दिसली, एखादी काळी दिसली म्हणजे तिच्यात काहीच नाही. शंका आली ती पुंगळी ओतून पुन्हा भरा. रिकामी राहिलेलीही तितकीच घातक: फक्त प्रायमरच्या जोराने गोळी नळीत जाऊन अडकते, आवाज फुसका येतो, आणि पुढची गोळी तिच्यावर जाऊन आदळली की नळी फुगते. गोळीबार करताना आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा हलका वाटला की तिथेच थांबायचं, हत्यार रिकामं करायचं, आणि नळीतून प्रकाश दिसेपर्यंत पुढची गोळी चालवायची नाही.

ही तपासणी नीट व्हावी म्हणून पहिल्या काही महिन्यांत प्रोग्रेसिव्ह (एकाच वेळी अनेक टप्पे करणाऱ्या) प्रेसच्या मोहात पडू नका. सिंगल स्टेज प्रेसवर एकेक टप्पा वेगळा होतो आणि पन्नासच्या पन्नास पुंगळ्या एकत्र डोळ्यांखालून जातात. तुम्ही कोणता प्रेस घेतलाय ते लिहिलेलं नाही. प्रोग्रेसिव्ह असला तरी सुरुवातीला त्यात एका वेळी एकच पुंगळी फिरवा.

रायफलची पावडर निवडणं खरं तर सोपं आहे, कारण .३०८ हे सर्वांत समजूतदार काडतूस आहे. १९५२ पासून बाजारात आहे, मधल्या वेगाच्या कुठल्याही रायफल पावडरशी त्याचं जमतं, आणि योग्य पावडरने पुंगळी बहुतांश भरते. दुप्पट माप पडूच शकत नाही. अर्ध्या वाटेतच पावडर बाहेर सांडायला लागते. त्यामुळे नवख्या माणसाने रायफल काडतुसाने सुरुवात करावी की पिस्तुलाच्या, असं कोणी विचारलं तर मी .३०८ सांगतो, जरी पुंगळ्यांना ल्यूब (वंगण) लावणं, ट्रिम करणं (कापून लांबी सारखी करणं) ही कामं वाढतात तरी.

इथे ४८९५ च्या घराण्यापासून सुरुवात करा. आयएमआर ४८९५ दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गॅरंड रायफलच्या काडतुसांत वापरली गेली. युद्ध संपल्यावर ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची उरलेली ४८९५ मोठ्या प्रमाणावर विकत घेऊन शौकिनांना विकायला सुरुवात केली आणि त्यातून त्यांची कंपनी उभी राहिली. आज त्यांची एच ४८९५ ही वेगळी, ऑस्ट्रेलियात बनणारी पावडर आहे. तिथे तीच एआर २२०६एच नावाने विकली जाते. .२२३ पासून .३०-०६ पर्यंत मधल्या आकाराच्या बहुतेक काडतुसांना ती चालते, आणि तिचा एक गुण दुसऱ्या फार थोड्या पावडरींत आहे: खाली आणली तरी नीट जळते. हलक्या धक्क्याचे लोड हवे असतील, घरात कोणी नवा नेमबाज शिकत असेल, तर हॉजडनने स्वतःच एच ४८९५ साठी कमाल मापाच्या साठ टक्क्यांपर्यंत उतरण्याची मुभा दिली आहे. ही मुभा फक्त याच पावडरची, आणि हॉजडनने एच ४८९५ चं माप छापलेल्या काडतुसांपुरतीच. बाकीच्यांवर ती लावू नका.

दुसरा पर्याय व्हार्गेट. तीही ऑस्ट्रेलियाचीच, तिथलं नाव एआर २२०८. .३०८ मध्ये १५० ते १७५ ग्रेनच्या गोळ्यांसाठी नेमबाजांची आवडती, आणि तापमानाने फार कमी बदलणारी. हा मुद्दा ऐकायला तांत्रिक वाटतो, पण तो सुरक्षेचा आहे. थंडीत कमाल मापाच्या अगदी जवळ नेलेला लोड कडक उन्हात चेंबरमध्ये शिजत पडला की दाब वर चढतो. व्हार्गेट, एच ४८९५, एच ४३५० या पावडरी या बाबतीत स्थिर आहेत. अनेक गोल कणांच्या जुन्या पावडरी तितक्या नाहीत. व्हार्गेटची अडचण एवढीच की तिला मागणी फार, त्यामुळे मधूनमधून बाजारातून गायब होते. तेव्हा आयएमआर ४०६४, रिलोडर १५ किंवा विहताव्हुओरी एन १४० यांपैकी जी मिळेल तिचा डेटा आधीच बघून ठेवलेला असावा. माझा आग्रहच आहे की दुकानात जाण्याआधी प्रत्येक काडतुसासाठी तीन नावं कागदावर लिहा. एकाच नावावर अडून बसलं की ती नाही म्हटल्यावर विक्रेता जे हातात देईल ते घेऊन माणूस घरी येतो.

काड्यांच्या आकाराच्या या पावडरी मेझरमध्ये २३१ सारख्या वाहत नाहीत. हँडल फिरवताना मध्येच कचकन अडकतं. एखादी काडी ड्रमच्या कडेत सापडून कापली जात असते. त्यात वाईट काही नाही, पण माप थोडं हलतं. म्हणून माप दोन-तीन दशांश ग्रेन कमी टाका, पावडर थेट पुंगळीत न घालता आधी तराजूच्या पॅनमध्ये ओता, आणि ट्रिकलरच्या (थोडी थोडी पावडर पाडणाऱ्या छोट्या नळीच्या) बारीक धारेने उरलेलं पूर्ण करा. एकेक काडी पडताना काटा हलतो तो बघायला लागलात की रायफलचं भरणं हे घाईचं काम नाही, हे आपोआप अंगी बाणतं. गोल कणांच्या पावडरी, जसं रॅमशॉट टॅक किंवा सीएफई २२३, मेझरमधून सुरेख पडतात आणि .२२३ ची मोठी संख्या भरायची असेल तर उत्तम. पण तुमची एक रायफल आणि महिन्याला जेमतेम काही डझन काडतुसं, यासाठी काड्यांची पावडर बरी.

आता नावांविषयी, कारण इथे माणसं खरोखर जखमी झाली आहेत. पावडरच्या डब्यावरचा नंबर म्हणजे पावडरची पूर्ण ओळख नव्हे. आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ एक नाहीत. आयएमआर ४३५०, एच ४३५० आणि अ‍ॅक्युरेट ४३५० या तीन वेगळ्या पावडरी आहेत आणि त्यांची मापं वेगळी आहेत. आयएमआर ४८३१ ही एच ४८३१ पेक्षा जलद आहे, म्हणजे एच ४८३१ चं कमाल माप आयएमआरने भरलं तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. डेटा वाचताना नंबराच्या आधीची अक्षरं मोठ्याने वाचा, मग डब्यावरची मोठ्याने वाचा. आणि टेबलावर एका वेळी एकच पावडर. दुसरा डबा खोलीतही नको, कपाटात कुलपात. काम संपलं की मेझरमधली पावडर लगेच तिच्याच डब्यात परत. मेझरमध्ये रात्रभर राहिलेली पावडर कोणती होती हे सकाळी नक्की आठवत नाही, आणि डबल बेस पावडर प्लास्टिकच्या टाकीवर डाग पाडून तिला कायमची पिवळी करते. ओळख पटत नसलेली पावडर कितीही असली तरी ती वापरायची नाही. दोन पावडरी चुकून मिसळल्या तरी तेच. काळी बारूद वापरणाऱ्या तोंडाकडून भरायच्या बंदुकीत तर बिनधुराची पावडर एक चिमूटभरसुद्धा नको. तिथे मापं आकारमानावर चालतात आणि नळ्या त्या दाबासाठी बनलेल्याच नसतात.

किती घ्यायची? पहिला डबा एक पौंडाचाच. एक पौंड म्हणजे सात हजार ग्रेन. समजा एखाद्या पिस्तुलाच्या काडतुसाला चार ग्रेन लागत असतील, तर हिशेबाने साडेसतराशे काडतुसं निघतील. रायफलला पंचेचाळीस ग्रेन धरले तर जेमतेम दीडशे. हे आकडे फक्त हिशेबासाठी आहेत, लोड म्हणून नव्हेत. पण यावरून दिसतं की पिस्तुलाच्या पावडरचा एक पौंडाचा डबा वर्षभर पुरेल आणि रायफलचा लवकर संपेल. पावडर तुमच्या हाताला आणि बंदुकीला मानवली की रायफलची पावडर मोठ्या डब्यात, एकाच लॉटची (कारखान्यातल्या एकाच खेपेची) घ्या. लॉट बदलला की त्याच नावाची पावडरही किंचित वेगळी वागते, म्हणून नव्या लॉटने कमाल मापावर थेट जायचं नाही; थोडं खाली येऊन पुन्हा चढायचं. डब्यावरचा लॉट नंबर आणि डबा उघडल्याची तारीख वहीत टिपा.

साठवण: मूळ डब्यातच, थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी, झाकण घट्ट. काचेच्या बरणीत घालून शोभेला ठेवू नका. प्रकाशाने पावडर बिघडते आणि लेबलही हरवतं. चांगल्या पावडरला उघडताना हलका, द्रावकासारखा वास येतो. आंबट, नाकाला झोंबणारा वास आला, कणांवर गंजासारखी तांबूस भुकटी दिसली, झाकण उघडताच तपकिरी धूर निघाला, तर तिच्यातला स्टॅबिलायझर (पावडर टिकवणारं द्रव्य) संपला आहे आणि नायट्रोसेल्युलोज कुजायला लागलं आहे. ती लगेच घराबाहेर काढा आणि तुमच्याकडच्या नियमांप्रमाणे नष्ट करा. पोलादी, हवाबंद तिजोरीत पावडर ठेवणंही चुकीचं. आग लागली तर दाब जमतो आणि तिजोरी बॉम्ब होते. जाड लाकडाची, पण आत दाब वाढला तर सांधे सहज सुटतील अशी पेटी यासाठी जास्त सुरक्षित मानली जाते.

भरायला लागल्यावर छापील सुरुवातीच्या मापाने सुरू करा. हँडगनला प्रत्येक टप्पा दशांश ग्रेनचा, रायफलला अर्ध्या ग्रेनपेक्षा लहानच. प्रायमर चपटा झाला का, पुंगळी ओढायला जड गेली का हे बघा, पण हे इशारे उशिरा येतात. कधीकधी मर्यादा ओलांडल्यावरच. त्याहून खात्रीचा साक्षीदार क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं उपकरण) आहे. डेटात कमाल मापाला जो वेग छापला आहे तो तुम्हाला आधीच मिळाला, तर दाबही तिथेच पोहोचलाय असं समजा आणि थांबा, भले माप अजून अर्धा ग्रेन खाली असो. तुमची नळी छापील डेटातल्या नळीपेक्षा आखूड असेल तर वेग मुळातच कमी यायला हवा, हेही हिशेबात धरा. गोळी बदलली, पुंगळीचा मेक बदलला, प्रायमर साध्याऐवजी मॅग्नम (जास्त जोराने पेटवणारा) घेतला, की पुन्हा सुरुवातीच्या मापावर या.

तुमच्यासाठी खरेदीची यादी अशी: हँडगनला २३१ किंवा एचपी-३८ चा एक पौंडाचा डबा, नसेल तर एन ३२०, तीही नसेल तर युनिक. रायफलला एच ४८९५ चा एक पौंड, नसेल तर व्हार्गेट, तीही नसेल तर आयएमआर ४०६४. दोन्हींसाठी पावडर कंपनीचा चालू डेटा आणि गोळी कंपनीचं चालू मॅन्युअल, जुन्या आवृत्त्या नकोत. एक बीम तराजू, आणि त्याची रोज खात्री करायला प्रमाणित वजनांचा छोटा संच. पहिले पन्नास .३८ स्पेशलचे किंवा .३०८ चे भरा. ९ मिमी त्यानंतर. पहिला ब्लॉक भरून झाला की टॉर्चने बघताना काही वेगळं दिसलं तर गोळी बसवण्याआधी मला इथेच लिहा, फोटोसह.